इंजिन उघडायच्या आधी: एका जुन्या थंडरबर्डच्या थरथरीचं प्रकरण

माझा भाचा नागपुरात मानेवाड्याला राहतो. त्याच्याकडे रॉयल एनफिल्डची २०१० ची थंडरबर्ड ३५० आहे, ट्विनस्पार्क, म्हणजे दोन प्लगवाली. दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. मीटरवर एकसष्ट हजार किलोमीटर दिसतात, पण मधे दोनदा केबल तुटली होती, त्यामुळे खरा आकडा देवालाच ठाऊक. फेब्रुवारीतल्या एका रविवारी तो सकाळीच माझ्याकडे आला, गाडी डबल स्टँडवर लावली आणि दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले.

"मामा, कोंढाळीहून आलो तं अजून मुंग्या येऊन राहिल्या हातात. आरशात मागचं काहीच दिसत नाही."

तोवर तीन गॅरेजं पालथी घालून झाली होती. पहिल्यानं सांगितलं, बुलेटच्या घराण्यातली गाडी आहे भाऊ, थरथरणारच. दुसऱ्यानं हँडलच्या टोकांना वजनदार गोळे बसवून दिले, त्यानं आठ दिवस बरं वाटलं. तिसऱ्यानं स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावलं, मान हलवली आणि निदान केलं: क्रँक गेला, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्यानं फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा. इंजिन पूर्ण उघडायचं, बावीस हजार. पोराला एप्रिलमध्ये मित्रांसोबत पचमढीला जायचं होतं, सौसर, छिंदवाडा, तामिया करत, जायचे अडीचशे किलोमीटर आणि यायचे तेवढेच. बावीस हजार द्यावेत की गाडीच विकावी, हे विचारायला तो आला होता.

माझी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात गेली, टर्बाइनची थरथर मोजण्यात. तिथं मिनिटाला ३,००० फेरे म्हणजे सेकंदाला ५०, आणि बेअरिंगचं हलणं मायक्रॉनमध्ये पाहायचं. टर्बाइन काही कोणी आवाज ऐकून उघडत नाही. त्यामुळे "कान लावला आणि क्रँक गेला" हे ऐकल्यावर मला आधी चीड आली आणि मग, खरं सांगतो, थोडी मजाही वाटली. निवृत्त माणसाला असं काम आयतं मिळत नाही.

आधी विचारपूस

पाना हातात घ्यायच्या आधी मी त्याला तीन गोष्टी विचारल्या. कधीपासून, किती वेगाला आणि त्याआधी गाडीला काय काम झालं होतं. वेगाचं त्यानं पटकन सांगितलं: पंच्याहत्तर ते पंच्याऐंशीला सगळ्यात जास्त, हँडल आणि फुटरेस्ट दोन्हीकडे. "कधीपासून" वर तो अडखळला. दिवाळीनंतर, म्हणाला. आणि दिवाळीच्या आधी काय झालं? डबल स्टँडचा खालचा कान फ्रेमपासून तुटला होता, तो वेल्डिंग करून घेतला. त्यासाठी इंजिन उतरवलं होतं.

हे वाक्य त्यानं तीनपैकी एकाही गॅरेजात सांगितलं नव्हतं, कारण त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

तरी मी लगेच माउंटिंगच्या, म्हणजे इंजिन फ्रेमला धरणाऱ्या, बोल्टांवर उडी मारली नाही. थरथर हा एकच आजार असतो असं नाही. एकाच गाडीत दोन-तीन सोबत नांदतात आणि हाताला सगळे सारखेच लागतात. त्यांना वेगळं करायची रीत मात्र सोपी आहे. थरथर कोणामागे चालते ते पाहायचं. इंजिनाच्या फेऱ्यांमागे गेली तर इंजिन, त्याचे माउंट, जळण. रस्त्यावरच्या वेगामागे गेली तर चाकं, टायर, बेअरिंग. अॅक्सिलेटर दाबल्या-सोडल्यामागे गेली तर चेन, स्प्रॉकेट, हब रबर (मागच्या चाकातले झटका झेलणारे रबर).

या गाडीला टॅकोमीटर नाही, मग फेरे मोजायचे कसे? त्यासाठी आम्ही एक प्लग काढला, भोकातून शीतपेयाची नळी पिस्टनवर टेकवली, पाचवा गिअर टाकला आणि मागचं चाक हातानं सावकाश एक फेरा फिरवलं. नळी पाच वेळा वर आली आणि सहाव्यांदा जेमतेम निघाली होती. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला क्रँकचे साधारण ५.१. चाकावर खडूची खूण करून गाडी अंगणात ढकलली, घेर भरला दोन मीटर आणि दोन सेंटिमीटर. आता ताशी ८० ला चाक सेकंदाला ११ वेळा फिरणार आणि क्रँक ५६-५७ वेळा. हे दोन आकडे मी गॅरेजच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवले. पुढचा सगळा खेळ यांच्यावरच.

रस्त्यावर

नागपुरात अशी चाचणी घ्यायची तर आधी रस्ता शोधावा लागतो. शहरात जिकडेतिकडे सिमेंट रोड झालेत आणि सिमेंटच्या स्लॅबला साधारण साडेचार मीटरवर सांधा असतो. चाळीसच्या वेगाला सेकंदाला अडीच ठोके, ऐंशीला जवळजवळ पाच. भाच्याची एक तक्रार होती की घरून निघाल्यावर गाडी "धडक-धडक" करते. ती गाडी करतच नव्हती, रिंग रोड करत होता. काटोल रोडवर शहर संपल्यावर एक डांबरी सरळ पट्टा मिळाला. सकाळी सहाला गेलो, ट्रक सुरू व्हायच्या आत.

पाचव्यात ऐंशीला थरथर आली. (मीटर पंच्याऐंशी दाखवत होतं तेव्हा फोनचा जीपीएस ऐंशी म्हणत होता. जुन्या मीटरवर विसंबू नये.) मग त्याला तोच आवाज, तेवढेच फेरे चौथ्यात धरायला सांगितले. थरथर पासष्ट-सदुसष्टला आली. तिसऱ्यात पन्नास-पंचावन्नला. वेग बदलला, फेरे तेच, थरथर तीच. मग रस्ता मोकळा पाहून ऐंशीला क्लच दाबून अॅक्सिलेटर सोडायला लावलं. मुंग्या आणणारी बारीक थरथर दिवा विझवावा तशी गेली.

पण सगळं गेलं नाही. बारीक थरथर गेल्यावर खाली दबलेलं दुसरं काही तरी वर आलं. क्लच दाबलेला, इंजिन आयडलवर, आणि साठच्या आसपास हँडल सावकाश डोलत होतं. ते इंजिनाचं असूच शकत नव्हतं. दोन आजार होते आणि तीन गॅरेजांनी त्यांना एकच धरलं होतं.

खरं तर तिसराही होता. पंचवीस-तीसच्या वेगाला अॅक्सिलेटर सोडून पुन्हा दिला की मागून खटकन झटका. त्याचं नंतर सांगतो, त्यात फारसं काही नाही.

पुढचं चाक

गाडी डबल स्टँडवर, इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा, पुढचं चाक हवेत. शॉकअपच्या पाइपाला जुन्या हँगरची तार बांधली आणि तिचं टोक रिमच्या कडेला जेमतेम लागेल असं वाकवलं. चाक फिरवलं. अर्ध्या फेऱ्यात तार घासली आणि अर्ध्यात सुटली. फट फीलर गेजनं मोजली, तीन मिलिमीटर. दोनच्या वर गेलं की मी तरी चाक आउट, म्हणजे वाकडं, धरतो.

स्पोकचं निदान कानानंच होतं, आणि इथं मात्र कानावर माझा पूर्ण विश्वास आहे. बारा नंबरचा पाना घेऊन एकेका स्पोकला हलकेच टिचकी मारत गेलो. ताणलेला स्पोक टण्ण वाजतो. टण्ण, टण्ण, टण्ण, आणि मग थप्प. जणू दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलला मारलं. असे सलग चार निघाले, सगळे एका बाजूला. भाच्याला म्हटलं, डोळे मीट आणि तू मार. त्यानं चारही बरोबर ओळखले, आणि त्या दिवसापासून तो कोणाचीही स्पोकची गाडी दिसली की टिचकी मारून पाहतो.

टायरवर कडेला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. पुढच्या टायरवर ३१४ होते आणि एक आकडा घासून गेला होता. पण उन्हात ओल्या बोटानं पुसलं तर आधी एक शून्य निघालं: ०३१४. २०१४ सालचा तिसरा आठवडा. नागपूरचे एवढे उन्हाळे खाल्लेलं रबर. नख रोवलं तर खूणसुद्धा उमटली नाही. शिवाय पंक्चरवाल्यानं कधी तरी टायर बसवताना कड नीट बसू दिली नव्हती. टायरच्या कडेला जी बारीक गोल रेघ असते ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी, इथं एका बाजूला ती आत बुडाली होती.

स्पोक ताणून आउट काढणारा एक म्हातारा कारागीर मला माहीत होता, त्यानं चाक सरळ करून दिलं. नवा टायर घातला. मग चाक एक्सलवर टांगून मोकळं सोडलं. जड बाजू आपोआप खाली येते. समोरच्या बाजूला स्पोकवर शिसं चढवत गेलो, चाक कुठंही थांबायला लागेपर्यंत. पस्तीस ग्रॅम लागले. पस्तीस ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ते रिमवर, केंद्रापासून चोवीस सेंटिमीटरवर, आणि साठच्या वेगाला सेकंदाला आठ वेळा फिरणारे. ओढ निघते सव्वादोन किलोच्या वजनाएवढी, ऐंशीला चारच्या घरात. दर फेऱ्याला कोणी तरी पुढचा एक्सल चार किलोनं एकदा वर, एकदा खाली ओढतोय, तर हँडल डोलणारच.

साठचा डोल गेला. बारीक थरथर जशीच्या तशी.

माझी चूक

इथं एक पूर्ण रविवार मी वाया घालवला आणि तो लिहायला हवा. मला स्विंग आर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, बुशवर संशय होता. मागचं चाक धरून आडवं हलवलं तर किंचित खेळ जाणवला. चाक काढलं, शॉकअप सोडले, आर्म उतरवला. बुश ठणठणीत. खेळ होता तो चाकाच्या बेअरिंगचा, तोही नगण्य. रस्त्यावरच्या चाचणीनं सांगितलं होतं की थरथर इंजिनाच्या फेऱ्यांमागे जाते, आणि मी रस्त्याच्या वेगाचा भाग उघडून बसलो. नोकरीत असं केलं असतं तर साहेबानं दोन शब्द ऐकवले असते. घरी बहिणीनं ऐकवले.

दुसरी चूक जास्त गमतीची. फिफॉक्स नावाचं एक मोफत अॅप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठानं बनवलेलं. ते फोनच्या आतला अॅक्सिलरोमीटर वापरतं आणि थरथर कुठल्या वारंवारितेची, म्हणजे सेकंदाला किती वेळा, आहे याचा आलेख काढतं. माझा जुना फोन, कॅमेऱ्याची काच फुटलेला, आम्ही हँडलच्या मधल्या क्लॅम्पवर टेपनं चिकटवला. चांगला फोन तिथं मुद्दाम लावला नाही. मोटरसायकलच्या थरथरीनं आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन खराब होऊ शकतं, असा इशारा खुद्द अॅपलनं २०२१ मध्ये दिला आहे.

ऐंशीला आलेखात उंच टोक दिसलं ४३ वर. मी बुचकळ्यात पडलो. चाक ११, क्रँक ५७, पुढचं स्प्रॉकेट २६. ४३ कोणाचंच नाही. भाचा म्हणाला, "पंच्याहत्तरला पाहू ना." पंच्याहत्तरला टोक ४७ वर. पंच्याऐंशीला ४० वर. गाडीचा वेग वाढतो आणि थरथरीची वारंवारिता उतरते! असं कुठलं यंत्र करत नाही. पण फोन करतो. तो जुना फोन सेकंदाला शंभरच नोंदी घेत होता. शंभर नोंदींत पन्नासच्या पुढची थरथर पकडता येत नाही, ती घडी घातल्यासारखी उलटी दिसते: ५७ चे ४३, ६० चे ४०. सिनेमात बैलगाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं, तसंच. शंभरातून वजा केलं आणि सगळे आकडे क्रँकशी जुळले. कोराडीला हा धडा पंचवीस वर्षांपूर्वी शिकलो होतो, आणि चहा गार होईस्तोवर आठवला नाही.

आलेखात आणखी एक टोक होतं, २८ वर, क्रँकच्या बरोबर निम्म्यावर. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा जाळतं, त्यामुळे ते थोडं असणारच. पण ते फार उंच होतं. ते मी कागदावर गोल करून ठेवलं.

ठोकून पाहणं

आता प्रश्न असा की क्रँकच्या फेऱ्यांची थरथर आहे म्हणजे तिसरा गॅरेजवाला बरोबर होता का?

या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९०. एकच मोठा पिस्टन एवढं अंतर वर-खाली करतो. क्रँकवरची वजनं त्याचा काही भागच तोलू शकतात. सगळा तोलायला गेलं तर तीच ओढ आडवी होऊन बसते. तोलायला वेगळा बॅलन्सर शाफ्ट या इंजिनात नाही. तो कंपनीनं नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या मीटिऑरच्या नव्या इंजिनात दिला. म्हणजे ५७ ची ओढ या गाडीत पहिल्या दिवसापासून आहे आणि क्रँक नवा टाकला तरी राहणार. मग दिवाळीनंतर काय बदललं? ओढ बदलली नसेल तर ती पोचवणारा रस्ता बदलला असणार.

टर्बाइनच्या पायाबाबत अशी शंका आली की आम्ही यंत्र बंद करून रबरी हातोड्यानं ठोकायचो आणि पाया स्वतः किती वारंवारितेनं झणझणतो ते पाहायचो. बंप टेस्ट. प्रत्येक सांगाड्याची स्वतःची एक वारंवारिता असते आणि यंत्राचे फेरे तिच्यावर आले की थोड्याशा ओढीनंही सांगाडा थयथयाट करतो. इंजिन बंद असल्यानं इथं भाच्याचा नवा फोन वापरायला हरकत नव्हती, तो सेकंदाला चारशे नोंदी घेत होता. क्लॅम्पवर चिकटवला, इंजिनाच्या वरच्या भागाला रबरी हातोड्यानं एकेक ठोका दिला. दहा ठोके, दहाही वेळा टोक ५८ च्या आसपास.

ऐंशीला क्रँक ५७. सांगाडा ५८. इंजिन जास्त हलत नव्हतंच. फ्रेम ढिली होऊन तिची वारंवारिता खाली उतरली होती आणि नेमकी हायवेच्या वेगावर येऊन बसली होती.

हेड स्टे

या इंजिनाला खाली-मागे-पुढे माउंटिंगचे बोल्ट असतात आणि वर, सिलिंडर हेडपासून फ्रेमपर्यंत, एक छोटी पट्टी. तिला हेड स्टे म्हणतात. लहानशी दिसते म्हणून तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. पण इंजिनाचं डोकं ती धरून ठेवते.

टाकी काढली. फ्रेमकडचा बोल्ट सोडायला घेतला. अर्ध्या फेऱ्यात तो सैल झाला पण बाहेर येईना, अडकलेला. भाच्याला म्हटलं, इंजिन थोडं दाबून धर. त्यानं हात ठेवला, मी बोल्ट ओढला, आणि तो निघताक्षणी पट्टी खटकन बाजूला सरकली. तिचं भोक फ्रेमच्या भोकापासून चांगलं तीन मिलिमीटर लांब जाऊन उभं राहिलं. आम्ही दोघंही गप्प. वेल्डिंगनंतर इंजिन बसवणाऱ्यानं खालचे बोल्ट आधी आवळून टाकले होते आणि वरचं भोक जुळेना तेव्हा पहारीनं इंजिन रेटून बोल्ट आत घुसवला होता. शिवाय पट्टी आणि फ्रेम यांच्यामधला एक वायसर त्याच्याच डब्यात राहिला असावा, कारण तिथं नुसती फट होती आणि बोल्टाच्या आट्यांनी भोकाची कड लांबट खाल्ली होती.

पट्टी रॉकेलनं पुसली, कोरडी केली, वर खडू घासला. पाच मिनिटांत वाकावर केसाएवढी काळी रेघ उमटली. तडा. आतलं रॉकेल त्यातून बाहेर झिरपून खडूनं शोषलं होतं. ताणात बसलेली पट्टी थरथरली, तडकली, तडकल्यावर आणखी ढिली झाली.

नवी पट्टी सीए रोडवरच्या एका स्पेअरच्या दुकानात मिळाली. मग सगळे माउंटिंग बोल्ट सोडले, पूर्ण काढले नाहीत, हातानं फिरतील एवढे. इंजिनाखाली जॅक लावून त्याचं वजन उचललं आणि सगळ्या भोकांतून बोल्ट नुसत्या बोटांनी जातील इतकं ते हलवत बसवलं. यालाच दीड तास गेला आणि काम म्हणाल तर हेच. मागचा बोल्ट वेल्डिंगच्या मण्याला घासत होता, तो मणी कानसनं उतरवला. बोटांनी बोल्ट गेल्यावर टॉर्क रेंचनं मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापानं खालचे आवळले, हेड स्टे शेवटी. त्याची उरलेली फट हिंगण्याच्या एमआयडीसीतून कापून आणलेल्या दोन पातळ शिमांनी, म्हणजे पत्र्याच्या चकत्यांनी, भरली. बोल्टानं फट ओढून मिटवायची नाही, फट भरायची आणि मग बोल्ट आवळायचा. प्रत्येक बोल्टावर आणि त्याच्या शेजारच्या धातूवर मिळून पांढऱ्या पेंटची एक रेघ मारली.

पुन्हा ठोकून पाहिलं. टोक ७४ वर.

बाकीचं

२८ च्या टोकाचं उत्तर हसू येण्याजोगं निघालं. या गाडीला दोन प्लग आहेत आणि डावीकडचा जळतच नव्हता. एका प्लगवर गाडी चालते, आयडलही धरते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. फक्त जळण एका बाजूनं सुरू होऊन सावकाश पसरतं आणि दर ठोका सारखा पडत नाही. प्लग काढून कॅपमध्ये घातला आणि त्याची बॉडी इंजिनाला टेकवून सेल्फ मारला, तर ठिणगी नाही. (कॅप नुसती हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नये, कॉइल जाते.) कॅपच्या आत हिरवा गंज होता. नवी कॅप, नवा प्लग, २८ चं टोक जवळजवळ निम्मं.

मागच्या झटक्याचं कारण हब रबर. स्प्रॉकेट हातानं पुढे-मागे दोन बोटं हलत होतं, आतले रबर लाकडासारखे झालेले. चेनही एका जागी ताठ आणि एका जागी लोंबती होती, ती किटसकट बदलली. हँडलच्या टोकांचे वजनदार गोळे भाच्यानं काढू का म्हणून विचारलं. राहू दे म्हटलं. ते चांगलेच असतात, फक्त आजारावर पांघरूण घालायला त्यांना बसवलं होतं.

सगळ्याचा खर्च साडेसहा हजार आला, त्यात टायर आणि चेन किट हेच मोठे. माझी मजुरी म्हणून बहिणीनं पुरणपोळ्या पाठवल्या.

नंतर

मार्चच्या मध्यावर काटोल रोडच्या त्याच पट्ट्यावर, तोच जुना फोन, तीच टेप. ऐंशीला क्रँकचं टोक आधीच्या निम्म्याहून थोडं खाली. आरशात मागच्या ट्रकचा नंबर वाचता येत होता. पण नव्वदच्या पुढे आरसा पुन्हा धूसर व्हायला लागला आणि भाच्याचं तोंड उतरलं. त्याला हिशोब करून दाखवला. सांगाडा आता ७४ ला झणझणतो, क्रँक ७४ ला पोचतो तो एकशे पाचच्या आसपास. थरथर गेलेली नाही, वर ढकलली आहे, जिथं तू जायला नको तिथं.

"म्हणजे शंभरच्या आत ठेवायची."

"नव्वदच्या आत. घाट आहे तिकडं."

एप्रिलमध्ये तो पचमढीला जाऊन आला. मुंग्यांबद्दल काही बोलला नाही, तामियाला ढगात काहीच दिसलं नाही याबद्दल मात्र बरंच बोलला. मी टाकी काढून पांढऱ्या रेघा पाहिल्या. खालच्या सगळ्या सरळ होत्या. हेड स्टेच्या बोल्टावरची रेघ शेजारच्या रेघेपासून अर्धा मिलिमीटर सरकली होती. शिमा दबून बसल्या असणार. टॉर्क रेंचनं पुन्हा आवळला, जुनी रेघ खरवडून नवी मारली आणि टाकीच्या खाली मार्करनं मीटरचा आकडा लिहिला. पावसाळ्याआधी पुन्हा उघडून पाहायची आहे.